वरच्या मजल्यावरचं स्वराज्य

सरांना कुणी "कसे आहात?" असं विचारलं की ते "अजून सार्वभौम" असं उत्तर देत. पोस्टमनला, दातांच्या डॉक्टरला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, सगळ्यांना हेच. फ्रेंचमध्ये म्हणाले की लोक हसत, इंग्रजीत म्हणाले की जरा मागे सरकत, आणि मराठीत म्हणाले की मी चिडत असे. कारण मी विचारलेलं असायचं त्यांच्या गुडघ्याबद्दल.

मॉन्ट्रियलमध्ये सहा वर्षं मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहिले. वर सर एकटे, खाली मी एकटी. आता मी ऑन्टॅरिओतल्या केंब्रिजला असते, मोटारींच्या कारखान्यात लागणारं सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, आणि इथला माझा घरमालक म्हणजे नुसता एक ईमेल पत्ता आहे. वीकेंडला आपली मंडळी जमली आणि घरमालकांचे किस्से सुरू झाले की मी आधी सगळ्यांना बोलून घेऊ देते. मग सर काढते. सरांपुढे कुणाचाच किस्सा टिकत नाही.

पहिली भेट जूनमधली. मॉन्ट्रियलमध्ये अख्खं शहर एक जुलैला घर बदलतं. त्या दिवशी रस्त्यांवर माणसांपेक्षा गाद्या आणि फ्रीजच जास्त दिसतात. मी शेवटच्या आठवड्यात जागा शोधायला निघालेली, म्हणजे चूक माझीच. दार उघडलं ते स्वेटरवर टाय बांधलेल्या सत्तरीच्या गृहस्थांनी. त्यांनी मला नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही, मासे करता का हेही विचारलं नाही.

"तुम्हाला मर्यादित स्वातंत्र्य चालतं का हो?" एवढंच विचारलं.

दिवसभरात सहा बेसमेंट पाहून माझं डोकं फिरलं होतं. "अजिबात नाही," मी म्हणाले. "दहानंतर आंघोळ करू नका, पाहुणे आणू नका, हीट वाढवू नका, असलं काही असेल तर आत्ताच सांगा. मी पुढची जागा बघते."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "वा! या, बसा. चहाच करून राहिलो मी. तुम्ही पुण्याच्या ना?"

"कशावरून?"

"जागा पाहायच्या आधीच भांडून राहिल्या, त्याच्यावरून."

सर मूळचे नागपूरचे. तरुणपणी फ्रेंच शिकले, इतिहासात डॉक्टरेट करायला मॉन्ट्रियलला आले, आणि इथल्या एका कॉलेजात तीसेक वर्षं इतिहास शिकवून रिटायर झाले. डॉक्टरेट तेवढी राहून गेली. विषय मात्र त्यांना सोडून गेला नाही, आणि त्यांनी तो आम्हा कुणाला सोडू दिला नाही. विषय होता ट्युनिशिया.

ट्युनिशिया हा देश फ्रान्सच्या संरक्षणाखाली होता. कुणापासून संरक्षण, ते विचारायचं नाही, असं सर सांगत. नावाला तिथला राजा गादीवर असे आणि शेजारी बसून फ्रान्सचा रेसिडेंट-जनरल कारभार हाकत असे. मग १९५५ साली फ्रान्सनं करार करून त्या देशाला अंतर्गत स्वायत्तता दिली. घरचा कारभार तुमचा, सैन्य आणि परराष्ट्र व्यवहार आमचे.

"म्हणजे असं पाहा," सर समजावत, "स्वयंपाक तुम्ही करा. भाजी कोणती, तेही तुम्हीच ठरवा. फक्त दाराची किल्ली माझ्या खिशात राहील."

यावरून तिथल्या स्वातंत्र्यचळवळीत उभी फूट पडली. एक पुढारी म्हणाला, मिळतंय ते घेऊ, उरलेलं उद्या घेऊ. दुसरा म्हणाला, ही फसवणूक आहे, पूर्ण द्या नाहीतर तुमच्याजवळच ठेवा. सर दुसऱ्याच्या बाजूचे. त्या भांडणाला साठाच्या वर वर्षं होऊन गेली होती, त्यात नागपूरच्या माणसाचा काही संबंध नव्हता, पण सर बाजू सोडायला तयार नव्हते. दुसऱ्या पुढाऱ्याचं म्हणणं बरोबर होतं हे सिद्ध करणारं एक पुस्तक ते लिहीत होते. त्याची बाडं बर्फातल्या बुटांच्या अकरा खोक्यांत भरलेली होती आणि ती खोकी जेवणाच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेली असत. पुस्तक पुरं होत नव्हतं याचं कारण सोपं होतं. इतिहास सरांना साथ देत नव्हता. स्वायत्तता मिळाल्यावर वर्ष उलटायच्या आत त्या देशाला पूर्ण स्वातंत्र्य मिळालं होतं. म्हणजे पहिल्याचंच खरं ठरलं होतं.

"ते असंही मिळालंच असतं," सर म्हणत आणि विषय माझ्या चहाकडे वळवत.

आपलं तत्त्व त्यांनी घरातही आणलं होतं. बेसमेंट हा स्वतंत्र देश. त्याला एकही नियम नव्हता. सुरुवातीला मला हे फार आवडलं. पहिल्या हिवाळ्यात माझ्या वॉशरूममधला पाइप फुटला तेव्हा आवडेनासं झालं. मी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून वर हाका मारतेय, आणि सर हातात पाना घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे.

"सर, या ना!"

"तुम्ही रीतसर बोलावून राहिल्या का?"

"सर, पाणी!"

"पाणी दिसून राहिलं मला. पण दुसऱ्याच्या हद्दीत मदतीच्या नावाखालीच शिरतात सगळे. नंतर निघत नाहीत. तुम्ही म्हणा, 'मी आपणांस पाचारण करते.'"

मी म्हणाले. काय करणार? पाइप दुरुस्त झाल्यावर ते लगेच निघाले, चहाला थांबले नाहीत. सैन्य काम झाल्यावर मागे घ्यायचं असतं, म्हणे.

बर्फाचंही तेच. आमची दारं वेगळी, पण रस्त्यापर्यंतची फरशी एक. सर सकाळी उठून फावड्यानं शोव्हल करायचे ते बरोबर निम्म्यापर्यंत, आणि तिथं थांबून माझ्या खिडकीवर टिचकी मारायचे. मी पडदा सरकवून मान हलवली की उरलेलं निम्मं करायचे. पहिल्या चार हिवाळ्यांत एकदाही त्यांनी परवानगीशिवाय माझ्या हद्दीतला बर्फ उचलला नाही. आणि परवानगी मिळाल्यावर एकदाही तो उचलायचा राहिला नाही.

त्यांची मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरजवळच्या बर्नाबीला, तिथल्या एका टेक कंपनीत. मी तिला ताई म्हणायचे. मॉन्ट्रियलमध्येच वाढलेली, त्यामुळे मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. दर रविवारी तिचा फोन येई आणि सर तो स्पीकरवर टाकत.

"बाबा, डिड यू टेक द बीपी पिल?"

"हा अंतर्गत प्रश्न आहे."

"बाबा, प्लीज."

"बर्नाबीनं आमच्या अंतर्गत कारभारात लक्ष घालू नये."

मला हसू यायचं. ताईला येत नसणार, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सर पडले ते माझ्या पाचव्या नोव्हेंबरात. मॉन्ट्रियलमधल्या जुन्या घरांना बाहेरून गोल वळणाचे लोखंडी जिने असतात. दिसायला सुंदर, पण वरून गारठलेला पाऊस पडला की त्यांच्यावर काच बसते. सर वर्तमानपत्र आणायला उतरले आणि सहाव्या पायरीवरून खाली आले. मी बाहेर धावले तेव्हा ते फरशीवर पडलेले, चेहरा पांढरा फटक. खुबा मोडला होता. मी अॅम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत माझा कोट त्यांच्या अंगावर घालून बसले. मला तेव्हा खूप भीती वाटली. ती मी त्यांना कधी सांगितली नाही.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर त्यांना चालायचे व्यायाम करून घेण्यासाठी एका केंद्रात ठेवलं. तिथं त्यांनी स्वतःच्या पायावर दुसरा धोंडा पाडून घेतला. सोशल वर्करबाई आल्या. म्हाताऱ्या माणसाला घरी एकटं सोडता येईल का, हे ठरवायला जे साधे प्रश्न विचारतात, ते त्यांनी फ्रेंचमध्ये विचारले. मी शेजारीच होते.

"महाशय, तुम्ही आत्ता कुठं आहात?"

"संरक्षणाखाली," सर गंभीरपणे म्हणाले.

"इथला कारभार कोण बघतं?"

"नावाला मी." आणि दारातल्या मोठ्या नर्सकडे बोट दाखवून, "प्रत्यक्षात रेसिडेंट-जनरल."

"आणि हे कोणतं वर्ष?"

"माझ्या दृष्टीनं म्हणाल, तर पंचावन्न."

बाईंनी एकेक उत्तर शांतपणे लिहून घेतलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगायला गेले, की हे थट्टा करतायत, हे इतिहासाचे आहेत. बाई मान हलवून गोड हसल्या. नातेवाइकांचं असंच असतं, असं ते हसणं होतं. दोन दिवसांनी कागद आला. स्थळकाळाचं भान नाही, घरी एकटं राहणं योग्य नाही, अशी शिफारस.

मी सरांवर इतकी भडकले की आजूबाजूचे पेशंट बघायला लागले. "एका वाक्यात तारीख सांगता येत नव्हती तुम्हाला? सगळ्यांना तुमचा ट्युनिशिया माहीत असतो का?"

"असायला पाहिजे," सर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

बर्नाबीहून ताई आली. आल्या दिवशी तिनं डॉक्टरांशी बोलून ती चाचणी पुन्हा घ्यायला लावली, आणि या वेळी सरांनी मुकाट्यानं तारीख सांगितली. स्थळकाळाचा प्रश्न सुटला. पण ताईचा निर्णय झालेला होता. बर्नाबीला तिच्या घराजवळ वृद्धांसाठी एक चांगली जागा होती, खोलीतून डोंगर दिसायचे. इथलं घर विकून टाकायचं. सर नाही म्हणाले. ती पुन्हा म्हणाली. सर पुन्हा नाही म्हणाले. चौथ्या दिवशी ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "ओके बाबा. घरी जा. बट विथ कंडिशन्स. गाडी नाही. बँक अँड टॅक्सेस, मी बघणार. डॉक्टर मी बघणार. कुणीतरी रोज तुम्हाला चेक करणार. दॅट्स द बेस्ट आय कॅन डू."

सर उठून बसले. "म्हणजे अंतर्गत स्वायत्तता," ते म्हणाले. "मला?"

"कॉल इट व्हॉटेवर यू वाँट."

"नाही पाहिजे. द्यायचं तर पूर्ण द्या. नाहीतर ठेवा."

ताई उठून बाहेर गेली. मी पाठोपाठ गेले. ती कॉरिडॉरमध्ये व्हीलचेअरच्या रांगेशेजारी उभी राहून रडत होती, तोंडावर हात ठेवून, आवाज येऊ नये म्हणून. तिच्याही मागे नोकरी, दोन मुलं, आणि पाच तासांचं विमान. "आय कान्ट विन," ती म्हणाली. "काहीही केलं तरी मीच व्हिलन."

मी परत खोलीत गेले. मला खरं तर ओरडायचं होतं, पण मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

"सर, एक विचारू? तुमचा तो दुसरा पुढारी. पूर्ण स्वातंत्र्यवाला. तो शेवटी कुठं मेला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलेलं होतं, चहा गाळता गाळता.

"परदेशात," ते म्हणाले.

"घरी परत गेला नाही?"

"नाही."

"बरं," मी म्हणाले, आणि माझी पर्स उचलून निघाले. दारात असताना त्यांनी मागून हाक मारली.

"चौथं खोकं आणता का उद्या? निळं झाकण आहे."

दुसऱ्या दिवशी मी खोकं नेलं. त्यात त्या कराराची प्रत होती. सर दिवसभर पेन्सिल घेऊन ती वाचत बसले. संध्याकाळी ताई आणि मी आत गेलो तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

"चाळीस वर्षं मी हा कागद वाचून राहिलो," ते ताईला म्हणाले, "पण ज्यानं घेतला त्याच्या खुर्चीत बसून कधी वाचला नाही. तो पहिला पुढारी, त्याला मी आयुष्यभर तडजोड्या म्हटलं. करारावर सह्या व्हायच्या दोन दिवस आधी तो घरी आला. कित्येक वर्षं त्याला तुरुंगात नाहीतर परक्या मुलखात ठेवलं होतं. बोटीतून उतरला तर बंदरावर सगळा गाव लोटला होता. माझ्या पुस्तकात ते एका तळटीपेत आहे. एका ओळीची तळटीप." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मला पण घरी जायचं आहे बापा. कशावर सही करायची ते आण."

ताईनं फोनवर केलेली यादी पुढे केली. सरांनी ती बघून नाक मुरडलं. "ही काय भाषा आहे? मी लिहितो."

अशा रीतीनं चौदा कलमांचा करार झाला. परराष्ट्र व्यवहार, म्हणजे बँक, टॅक्स आणि डॉक्टर, बर्नाबीकडे. संरक्षण, म्हणजे बर्फ आणि जिना, पगारी माणसाकडे. त्यांचं अंथरूण, पुस्तकं, कपडे, झोपायची वेळ आणि स्वयंपाकघर सरांच्या पूर्ण अखत्यारीत. हीटवरून दोन तास घासाघीस झाली. सरांचं म्हणणं, हीट हा अंतर्गत प्रश्न. ताईचं म्हणणं, न्यूमोनिया हा परराष्ट्र प्रश्न. शेवटी एकवीस डिग्रीच्या खाली नेणार नाही, यावर मिटलं. मी रोज संध्याकाळी वर जाऊन यायचं आणि दर रविवारी ताईला कळवायचं. ताई मला केअरगिव्हर म्हणणार होती. सरांनी ते खोडलं. मी गमतीनं म्हटलं, "मग मी रेसिडेंट-जनरल." त्यावर ते कळवळले. "स्वायत्तता दिल्यावर रेसिडेंट-जनरल राहत नाही हो. हाय कमिशनर येतो. तुम्ही हाय कमिशनर." शेवटचं कलम असं होतं की दर मे महिन्यात ताई येईल, कराराचा आढावा घेईल, आणि तिला पटलं नाही तर बर्नाबीचा विषय पुन्हा निघेल.

सह्या केंद्राच्या कॅफेटेरियात झाल्या, सूपचे वाडगे बाजूला सारून. डिसेंबरच्या मध्यावर सर घरी आले. जिना चढायला पंचवीस मिनिटं लागली. वर पोहोचल्यावर त्यांनी प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावला आणि घालवला. मी जिन्यात उभी राहून ते बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

हाय कमिशनरचं काम मात्र वाटलं तेवढं सोपं नव्हतं. मी सात वाजता वर गेले की सर खुर्चीतून उठून उभे राहत. गुडघा, खुबा, काही असो. बसा म्हटलं तरी नाही. मग मी गोळ्यांच्या डबीत डोकावायची आणि ते खिडकीबाहेर बघायचे. परकी माणसं डबी तपासत असताना तिकडे पाहायचं नसतं, म्हणे. एकदा त्यांनी डबीवर चिठ्ठी चिकटवली होती, "निषेध नोंदवून". गोळ्या घेतलेल्या होत्या.

स्वयंपाकघर हा त्यांचा खरा मुलूख. सर रोज संध्याकाळी हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून ठेचा करत आणि मला वाटीभर देत. मिरच्या भाजायच्या म्हणजे धूर, आणि धूर म्हणजे छतावरचा स्मोक अलार्म कोकलणार. इथल्या आपल्या कुठल्याही घरात जा, यावर एकच उपाय असतो. अलार्मला प्लॅस्टिकची शॉवर कॅप घालायची. फोडणी झाली की काढायची. सर ती काठीनं घालायचे आणि काठीनंच काढायचे.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर जिन्यातच करपल्याचा वास. मी वर धावले. किल्ली माझ्याजवळ होती. आत धूर, स्टोव्हवर दुधाचं पातेलं कोळसा झालेलं, आणि वर अलार्मला टोपी तशीच. इथलं दूध तापवायची काही गरज नसते, तरी आपण तापवतोच. सरांनी ठेचा केला, टोपी काढायची विसरले, दूध ठेवलं आणि शेजारच्या खोलीत खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मी स्टोव्ह बंद केला, खिडक्या उघडल्या. बाहेरची उणे वीस डिग्री हवा आत आली तेव्हा ते जागे झाले.

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी मिळून ते पातेलं तासभर घासलं. मी पंधरा मिनिटं उशिरा आले असते तर काय झालं असतं, ते मला आत्ताही लिहवत नाही.

रविवारी ताईचा फोन आला. "ऑल गुड?"

"ऑल गुड," मी म्हणाले.

का म्हणाले? सांगितलं असतं तर करार संपला असता, सर बर्नाबीला गेले असते. न सांगता काही झालं असतं तर मी ताईला तोंड दाखवू शकले नसते. दोन्ही मला माहीत होतं. मग मी रोज ऑफिसमधून सुटले की बसस्टॉपपासून जवळजवळ पळत यायची. खालूनच वर वास घ्यायची. टोपी काढलेली आहे का ते आधी बघायची, मग सरांकडे. तीन महिने मी दर रविवारी ऑल गुड म्हणत राहिले. सर फोनच्या वेळी तिथंच बसलेले असत आणि वर्तमानपत्राची पानं उलटत.

मे महिन्यात ताई आली. सरांनी टाय बांधला होता. जेवणाच्या टेबलावर कराराची प्रत मांडून ते उभं राहूनच वाचायला लागले. पहिलं कलम, पालन झालं. दुसरं कलम, पालन झालं. मी माझ्या चहाच्या कपाकडे बघत होते. सातवं कलम स्वयंपाकघराचं.

"सातवं कलम," सर म्हणाले आणि कागद खाली ठेवला. "यात बदल सुचवतो. स्टोव्ह मी परत करतो."

ताईला कळेना. "परत म्हणजे?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. ठेचा, टोपी, दूध, खुर्ची, धूर. एकही गोष्ट झाकली नाही, एकही गोष्ट वाढवून सांगितली नाही. माझं मात्र नाव घेतलं नाही. "यापुढे घरात दुसरं कुणी असेल तेव्हाच मी स्टोव्ह लावीन. एकटा असताना केटल आणि मायक्रोवेव्ह. तू मागितला असता तर मी दिला नसता. पण विचार करून राहिलो तीन महिने. माझा आहे तर मला देता पण आला पाहिजे."

ताई माझ्याकडे वळली. "यू न्यू?"

"हो," मी म्हणाले. "फेब्रुवारीपासून."

"एव्हरी संडे यू सेड ऑल गुड."

"हो."

"तिला नको बोलू," सर म्हणाले. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला 'तिला' म्हटलं. "मी 'सांगा' म्हटलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मी म्हटलं नाही. मला वाटलं, तू मला बर्नाबीला घेऊन जाशील."

ताईनं दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. मला वाटलं आता संपलं. पण ती रडता रडता हसत होती.

"बाबा, मला वाटायचं काही झालं तर तुम्ही लपवणार," ती मराठीत म्हणाली. शब्द शोधत, अडखळत, पण मराठीत. "आणि मला फायर डिपार्टमेंटकडून कळणार. सहा महिने रोज सकाळी उठून मी आधी फोन बघते. रोज, बाबा. तुम्ही स्वतः सांगितलं. मला एवढंच पाहिजे होतं."

माझ्या छातीवरचं तीन महिन्यांचं ओझं त्या वाक्यासरशी उतरलं. मी उठून सिंककडे गेले आणि उगीच नळ सोडून उभी राहिले, कारण मलाही रडू यायला लागलं होतं.

ताईनं करार पुढे ओढला, सातव्या कलमात स्टोव्हचं लिहिलं आणि सही केली. मग पान उलटून शेवटच्या कलमावर पेन टेकवलं. दर मे महिन्यातल्या आढाव्याचं कलम. त्यावर तिनं सरळ रेघ मारली.

"हे काहून खोडलं?" सर म्हणाले. "पुढच्या मे महिन्यात मग येणार नाही का तू?"

"येणार. पण तपासायला नाही. भेटायला."

सर उभेच होते. एवढ्या वेळानं ते खुर्चीत बसले. रेघ मारलेल्या ओळीवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

"ये ना बापा," ते म्हणाले. "केव्हाही ये. तुझंच घर आहे."